गेम बॉय, गेम गियर आणि लिंक्स: निकाल फक्त बॅटरीने लागला का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला असा: १९९० च्या आसपासच्या हँडहेल्डपैकी, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम यंत्रांपैकी, सेगाचा गेम गियर आणि अटारीचा लिंक्स, दोघांचेही स्क्रीन रंगीत होते, मागून उजेड होता, आतल्या चिपही जास्त दमदार होत्या. मग शेवाळी स्क्रीनचा, अंधारात काहीच न दिसणारा निन्टेंडोचा गेम बॉय पुढे कसा गेला? आणि ‘त्याचे सेल जास्त चालायचे’ हे नेहमीचं उत्तर पुरेसं आहे का? दुसरा प्रश्न: आज या तिघांपैकी एकच जुना घ्यायचा तर कोणता घ्यावा? मी बरीच वर्षं जुन्या हँडहेल्डची दुरुस्ती करते. त्यामुळे माझं उत्तर जाहिरातींच्या बाजूने कमी आणि उघडलेल्या बोर्डच्या बाजूने जास्त येईल, हे आधीच सांगून ठेवते.

‘हरले’ हा शब्द मात्र जपून वापरू या. गेम गियर जगभरात एक कोटीच्या वर विकला गेला, आणि एवढ्या विक्रीला कुठल्याही कंपनीत अपयश म्हणत नाहीत. फक्त शेजारी गेम बॉय उभा होता. गेम बॉय आणि त्याचा पुढचा गेम बॉय कलर यांचा एकत्रित आकडा ११ कोटी ८६ लाखांच्या पुढे जातो (निन्टेंडो हे दोन्ही एकत्रच मोजते). लिंक्स या दोघांच्या आसपासही पोचला नाही. शिवाय देश बदलला की चित्र थोडं बदलतं. गेम बॉय जपानमध्ये एप्रिल १९८९ मध्ये आला, अमेरिकेत त्याच वर्षी जुलैअखेर आणि युरोपात १९९० मध्ये. मी जे सांगते आहे ते मुख्यतः जपान आणि अमेरिकेबद्दल.

आता झाकणं उघडू. गेम बॉयचं पोट अगदी साधं आहे. मागच्या अर्ध्या भागात प्रोसेसर आणि कॅसेटचा स्लॉट असलेला बोर्ड, पुढच्या भागात स्क्रीनचा बोर्ड, दोघांना जोडणारी एक चपटी रिबन केबल. त्याशिवाय पॉवर सप्लायचा आणि हेडफोनचा असे दोन चिमुकले बोर्ड. प्रोसेसर शार्पने बनवलेला, ८ बिटचा, साधारण ४.१९ मेगाहर्ट्‌झचा, इंटेलच्या ८०८० आणि झायलॉगच्या झेड-८० या त्या काळीही जुन्या झालेल्या घराण्यांतला. कामाची मेमरी ८ किलोबाइट, स्क्रीनसाठी आणखी ८. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा. आणि मागच्या झाकणावर छापलेला आकडा वाचा: ६ व्होल्ट, ०.७ वॅट. अख्खं यंत्र एका वॅटच्या आत चालतं. शिकायला येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हाच आकडा दाखवते.

गेम गियर उघडला की तीन बोर्ड दिसतात: मुख्य, आवाजाचा आणि पॉवरचा. प्रोसेसर झेड-८०, साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या जवळपास, म्हणजे कागदावर गेम बॉयपेक्षा हळूच. ताकद होती ती चित्राच्या चिपमध्ये. ४०९६ रंगांतले ३२ रंग एका वेळी स्क्रीनवर दिसत. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट स्क्रीनच्या मागे आहे. तिथे एक छोटीशी फ्लुरोसंट नळी बसवलेली असते, घरातल्या ट्यूबलाइटचीच बारकी बहीण. ती पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचं सर्किट. एलसीडीला स्वतःचं वेगळं व्होल्टेज, चिपना पाच व्होल्ट. या सगळ्याचा भार सहा पेन्सिल सेलवर.

या नळीने किती खाल्लं, याचा पुरावा आजकाल आपोआप मिळतो. आता गेम गियरसाठी एलईडी उजेडाचे नवे स्क्रीन मिळतात. जुना स्क्रीन आणि नळी काढून तो बसवला, बाकी बोर्ड तसेच ठेवले, तरी त्याच सेलवर यंत्र बरंच जास्त वेळ चालतं. प्रोसेसर तोच, गेम तोच. म्हणजे ‘जास्त ताकदीच्या चिपने बॅटरी खाल्ली’ हे जे सर्रास सांगितलं जातं ते चुकीचं आहे. बॅटरी खाल्ली उजेडाने.

हिशोब करून बघा. गेम बॉय चार सेलवर साधारण पंधरा तास चालायचा. गेम गियर सहा सेलवर तीन ते पाच तास. मधला चार तासांचा आकडा धरला तर तेवढेच पंधरा तास खेळायला गेम गियरला बावीस-तेवीस सेल लागतात. सेल कुठल्या कंपनीचा, आवाज किती मोठा, यावर आकडे हलतात, पण पाचपटीचं अंतर काही मिटत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. पेन्सिल सेलला असतं, आणि ते आईवडिलांच्या खिशातून जातं.

उजेडाचा परिणाम सेलपाशी थांबत नाही. नळी घेतली की चाराचे सहा सेल होतात, सहा सेलसाठी डबा रुंद होतो, वजन वाढतं, भाग वाढतात, किंमत वाढते. अमेरिकेत गेम बॉय साधारण ९० डॉलरला आला, गेम गियर १५० ला, लिंक्स १८० ला. एनईसी कंपनीचा टर्बोएक्स्प्रेस हा हँडहेल्ड तर २५० डॉलरला होता. तो घरच्या मोठ्या, टीव्हीला जोडायच्या कन्सोलची गेमकार्डं जशीच्या तशी चालवायचा, त्याचा स्क्रीन या सगळ्यांत उत्तम होता, आणि तो फारच थोड्यांनी घेतला. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

इथपर्यंत नेहमीचं उत्तर बरोबर वाटतं. पण ते अर्धंच आहे, आणि ते तपासायला एक चांगलं उदाहरण आहे.

गेम बॉय ज्यांच्या देखरेखीखाली बनला ते गुनपेई योकोई १९९६ मध्ये निन्टेंडोतून बाहेर पडले. त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि बांदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी वंडरस्वान नावाच्या हँडहेल्डवर काम केलं. १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वंडरस्वान बाजारात आला तो १९९९ मध्ये. पहिल्या मॉडेलला एकच पेन्सिल सेल लागायचा आणि तो तीस तासांच्या वर चालायचा. किंमत ४,८०० येन, हलका, आटोपशीर, प्रोसेसर १६ बिटचा. सेलमुळेच निकाल लागत असता तर वंडरस्वानने निन्टेंडोला धूळ चारायला हवी होती. तसं झालं नाही. सगळी मॉडेलं धरून तो ३५ लाखांच्या आसपास विकला गेला आणि जपानच्या बाहेर फारसा पडलाच नाही. तोच माणूस, तीच विचारसरणी, आणखी चांगली बॅटरी, आणि तरीही हार.

त्यामुळे माझं मत असं: सेल आणि किंमत यांनी गेम बॉयला पहिल्या दीड-दोन वर्षांत घराघरांत पोचवलं. त्यानंतर त्याला कुणी हलवू शकलं नाही त्याची कारणं वेगळी आहेत.

एक कारण तारखांमध्येच आहे. गेम गियर जपानमध्ये ऑक्टोबर १९९० मध्ये आला आणि अमेरिकेत एप्रिल १९९१ मध्ये. तोपर्यंत गेम बॉय अमेरिकेच्या दुकानांत पावणेदोन वर्षं होता. वर्गातल्या मुलांकडे तो होता, कॅसेटी एकमेकांत फिरत होत्या. आणि त्याला दोन यंत्रं जोडून एकत्र खेळायची लिंक केबल होती. केबलचा फायदा शेजारच्या मुलाकडेही तेच यंत्र असेल तरच. लिंक्सची केबलव्यवस्था तर कागदावर जास्त भारी होती, दहापेक्षा जास्त यंत्रं एकत्र जोडता येत. पण एका गल्लीत दोन लिंक्स सापडणं हीच मारामार. गेम बॉयवर दोघांनी समोरासमोर बसून टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायचा खेळ, खेळणं पहिल्या वर्षापासून सहज शक्य होतं.

टेट्रिसबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘नुसतं नशीब फळफळलं’. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि याचं कारण स्क्रीनमध्ये आहे.

त्या काळच्या या स्वस्त एलसीडी फार सुस्त होत्या. एक ठिपका काळा झाला की परत फिका व्हायला वेळ घ्यायचा, त्यामुळे चित्र सरकलं की मागे सावली ओढली जायची. जुन्या गेम बॉयवर जोरात धावणारा कुठलाही गेम लावून बघा, पार्श्वभूमी फरफटत जाते. आता टेट्रिस बघा. चित्र सरकत नाही. तुकडा एकेक घर उडी मारत खाली येतो. आकार मोठे, ठसठशीत. चार छटा पुरून उरतात. हा खेळ त्या स्क्रीनच्या सगळ्या उणिवा झाकतो. अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत संगणकावर लिहिला तेव्हा गेम बॉयचा पत्ताही नव्हता, हे खरं. पण १९८९ च्या सुरुवातीला गेम प्रकाशक हेंक रॉजर्स मॉस्कोला जाऊन हँडहेल्डचे हक्क घेऊन आले, आणि अमेरिकेतल्या निन्टेंडोचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना त्यांनीच पटवलं की डब्यात मारिओ दिलात तर लहान मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. यंत्रासोबत कुठली कॅसेट द्यायची हे कुणीतरी विचार करून ठरवलं होतं. त्याला नशीब म्हणायला माझी तयारी नाही.

उलट गेम गियरचं बघा. सेगाचा हुकमी एक्का सोनिक, म्हणजे वेगाचा खेळ. तो द्यायचा कशावर, तर तितक्याच सुस्त रंगीत एलसीडीवर. रंग छान दिसतात, पण सोनिक धावायला लागला की सगळं माखल्यासारखं होतं. त्यात भर म्हणजे गेम गियर आतून सेगाच्याच मास्टर सिस्टिम या घरच्या कन्सोलचा जवळचा भाऊ. त्यामुळे तिथले गेम इकडे आणणं सोपं होतं आणि कॅसेटींची संख्या लवकर वाढली. पण मास्टर सिस्टिमचं चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं आणि गेम गियरचं १६० बाय १४४. म्हणजे खेळणाऱ्याला आजूबाजूचं कमी दिसतं. सोनिक २ च्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पहिल्या टप्प्याच्या शेवटचा सामना खेळून बघा. वरून येणारे गोळे गेम गियरवर इतके उशिरा दिसतात की खेळ विनाकारण अवघड होतो. खेळणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण आपण उगाच मरतोय हे त्याला बरोबर कळतं.

लिंक्सबद्दल मला जरा हळहळ वाटते, कारण इंजिनियरिंगच्या नजरेने तिघांत तोच सगळ्यात देखणा. एपिक्स या गेम बनवणाऱ्या कंपनीत आर. जे. मिकल आणि डेव्ह नीडल यांनी तो घडवला; दोघेही अमिगा संगणकाच्या टीममधले. आत ‘मायकी’ आणि ‘सूझी’ अशा नावांच्या दोन खास चिप. सूझी चित्रं हार्डवेअरमध्येच लहानमोठी करायची, त्यामुळे विमान समोरून अंगावर येतंय असा भास १९८९ मध्ये हातातल्या यंत्रावर मिळायचा. डावखुऱ्यांसाठी तो उलटा धरून खेळता यायचा. पण एपिक्सकडे पैसा नव्हता. यंत्र अटारीकडे गेलं, एपिक्सने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पहिल्या ख्रिसमसला अटारी पुरेसा माल बाजारात आणू शकली नाही. बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्यासाठी फारसे गेम केले नाहीत. सगळे मिळून सत्तरच्या आसपास. १९९१ मध्ये लहान आणि साधारण शंभर डॉलरचा लिंक्स २ आला तेव्हा गाडी निघून गेली होती. पहिल्या लिंक्सचं ते अवाढव्य धूड कशासाठी, असं सगळे विचारतात. लोकांना मोठा डबा म्हणजे पैसे वसूल वाटतात असं चाचणीत दिसलं म्हणून तो मुद्दाम मोठा केला, असं त्याच्या निर्मात्यांनीच पुढे सांगितलं आहे. उघडला की आतली मोकळी जागा बघून ते पटतं.

गेम बॉयचं कौतुक करताना त्याचा स्क्रीन वाईट होता हे मात्र लपवायचं कारण नाही. वाईटच होता. स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते नव्या जागी वापरायचं, ही योकोईंची पद्धत. १९८० च्या गेम अँड वॉच या छोट्या खेळयंत्रांमध्ये त्यांनी कॅल्क्युलेटरच्या जमान्यातली एलसीडी अशीच वापरली. पण ती पद्धत म्हणजे जादूचा मंत्र नव्हे. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय हा निन्टेंडोचा गेमसंचही त्यांचाच आणि तो साफ आपटला. निन्टेंडोने पुढे उजेडाच्या बाबतीत हट्टच धरला. १९९८ मध्ये गेम बॉय कलर आला, रंग आला, पण उजेड नाही. दोन सेलवर दहा तास. फक्त जपानमध्ये त्याच वर्षी उजेड असलेला गेम बॉय लाइट विकला. २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सलाही उजेड नव्हता आणि लोक वैतागले. जगभर विकलेल्या यंत्रात उजेड आला तो २००३ च्या अ‍ॅडव्हान्स एसपीमध्ये, चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीसोबत. म्हणजे सेगा आणि अटारीची कल्पना चुकीची नव्हती. तिला लागणारी बॅटरी आणि दिवा तेव्हा बाजारात नव्हते.

आणि गेम बॉय म्हातारा होत असताना त्याला दुसरं आयुष्य दिलं ते पोकेमॉन या गेमने, फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये. तो खेळ उभाच आहे लिंक केबलवर: एका कॅसेटमध्ये सगळे प्राणी मिळत नाहीत, मित्राशी अदलाबदल करावी लागते. सात वर्षं जुनी केबल आणि तोवर कोट्यवधी घरांत पडलेली यंत्रं, हे भांडवल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पुढच्या वर्षी सेगाने गेम गियर बंद केला.

आपल्याकडे ही लढाई झालीच नाही म्हटलं तरी चालेल. गेम बॉय यायचा तो आखातातून येणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून. बहुतेकांच्या हातात पडला तो चिनी ब्रिक गेम, जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारा, ‘९९९९ इन १’ लिहिलेला. पण त्याच्या आत डोकावलं तर हाच हिशोब दिसतो: उजेड नसलेली स्वस्त एलसीडी, दोन पेन्सिल सेल, महिनोन्‌महिने चालणारा, आणि खेळ अर्थातच टेट्रिससारखा.

आता खरेदी. तुम्हाला सोल्डरिंग येतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर डोळे मिटून गेम बॉय घ्या. त्यातला नेहमीचा बिघाड म्हणजे स्क्रीनवर गायब झालेल्या उभ्या रेघा. स्क्रीनच्या खालच्या कडेला रिबन जिथे चिकटलेली असते तिथे हलक्या हाताने उष्णता दिली की त्या बहुधा परत येतात. कुणीही जाणकार दुरुस्तीवाला हे करून देतो. आडव्या रेघा गेल्या असतील तर काम नाजूक आहे, तो नग टाळा. जुन्या कॅसेटींमध्ये गेम सेव्ह करायचा बटण सेल आता बहुतेकदा संपलेला असतो. तो बदलता येतो, फक्त आधीचं सेव्ह जातं. कॅसेट चालली नाही तर तोंडाने फुंकर मारू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी वापरा.

सोल्डरिंग येत असेल आणि हौस असेल तर गेम गियर मजा देतो. पण तो कॅपॅसिटर बदललेला नसेल तर बिघडलेलाच आहे असं समजून किंमत ठरवा. त्यातले बारके इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतात, हे जवळपास ठरलेलं. ‘चालू होतो, फक्त आवाज बारीक आहे’ किंवा ‘स्क्रीन तिरका धरला की दिसतो’ असं विक्रेता म्हणाला की कॅपॅसिटर गेले समजा. गळलेला द्रव बोर्डचे ट्रॅकही खातो, त्यामुळे जितका उशीर तितकं नुकसान. उघडा असताना नळीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ यंत्र चालू ठेवून बोट घालू नका, चांगला झटका बसतो. लिंक्स मी पहिली खरेदी म्हणून सुचवणार नाही. महाग, सुटे भाग बाहेरून मागवायचे, त्यावर कस्टम ड्यूटी, आणि हाताशी गेम मोजके.

कुठलाही घेतलात तरी पैसे पाठवण्याआधी बॅटरीच्या कप्प्याचा जवळून काढलेला फोटो मागवा. पांढरट-हिरवी पूड नुसती पत्र्यांवर असेल तर व्हिनेगरने निघते, तेवढ्यासाठी किंमत पाडून घ्या. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर गळती आतल्या बोर्डपर्यंत गेलेली असण्याची शक्यता मोठी, तो नग सोडून द्या.